सनद, वहिवाट आणि सांतियागोची वाट

देवस्थानाच्या मुळाशी असलेली सनद बनावट ठरली, तर त्या देवस्थानाकडे जाणाऱ्या वाटेचे काय करावे, हा प्रश्न ज्याने आयुष्यभर मोजणी खात्यात हद्दीचे दगड तपासले आणि भावाभावांतील बांधांचे तंटे ऐकले अशाच माणसाला सुचावा. आमचे स्नेही तात्यासाहेब हे तसे गृहस्थ आहेत. त्यांची भाची मृणाल ही फ्रान्सच्या सरहद्दीवरील सां-झां-पिए-दे-पोर या गावापासून निघून, पिरिनीज पर्वत ओलांडून, स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील सांतियागो दे कॉम्पोस्तेलापर्यंतचे सुमारे ७८० किलोमीटरांचे अंतर पायी चालून आलेली. तेव्हा मामांच्या या प्रश्नाचे उत्तर देण्याचा भार साहजिकच तिच्यावर आला. त्या दोघांच्या बोलण्यातला जो भाग ध्यानात राहिला तो मी येथे उतरवीत आहे, आणि माझे मन कोणीकडे झुकते हे लपविण्याचा यत्न मी करणार नाही.

तात्यासाहेबांनी आपली फिर्याद, त्यांच्या सवयीप्रमाणे, तारखांच्या क्रमाने मांडली. “ख्रिस्ताचा शिष्य याकोब, ज्याला स्पेनचे लोक सांतियागो म्हणतात, त्याचा शिरच्छेद जेरुसलेमात राजा हेरोदाच्या हुकुमाने झाला, इतके बायबलात आहे. त्याचे शव शिष्यांनी नावेत घालून स्पेनच्या किनाऱ्याला नेले, ही पुढची कथा. आणि त्यानंतर सुमारे आठशे वर्षे त्या थडग्याचा कोठेही मागमूस नाही. मग नवव्या शतकात एका संन्याशाला रानात दिवे दिसतात, थेओदोमिरो नावाचा बिशप ते थडगे प्रेषिताचेच असा निर्वाळा देतो, आणि आस्तुरियासचा राजा दुसरा आल्फोन्सो ओव्हिएदोहून दर्शनाला येतो. येथवर मी श्रद्धेचा प्रांत म्हणून सोडून देईन. परंतु पुढे ऐक. ८४४ साली क्लाविहो येथे लढाई झाली, तीत पांढऱ्या घोड्यावर बसून सांतियागो स्वतः प्रकटला, आणि कृतज्ञ राजाने शेतकऱ्यांच्या धान्यातून व द्राक्षरसातून सांतियागोच्या देवळाला सालोसाल हिस्सा लावून दिला, अशी एक सनद बाराव्या शतकात पुढे आली. ती लढाई घडलीच नव्हती, आणि सनदही त्या बाराव्या शतकातच कोणीतरी बसून लिहिली होती. तरीही तिच्या जोरावर पुढची कित्येक शतके वसुली चालली. काडिसच्या लोकसभेने ती १८१२ साली रद्द केली, राजाने परत येऊन पुन्हा चालू केली, आणि १८३४ साली ती एकदाची संपली. खोट्या कागदावर इतकी दीर्घ वसुली मी आमच्या इलाख्यातही पाहिली नाही.”

“आणि अस्थींचे?” मृणालने विचारले, जणू मामा ते कलम विसरले असावेत.

“अस्थींचे दफ्तर तर त्याहून बिघडलेले. १५८९ साली इंग्रजांचा ड्रेक किनाऱ्यावर चालून येतो या धास्तीने आर्चबिशपाने त्या लपविल्या. आणि लपविल्या अशा की जवळजवळ तीनशे वर्षे त्या नेमक्या कोठे आहेत हे कोणालाच सांगता येईना. १८७९ साली वेदीच्या मागे खणताना हाडे सापडली, १८८४ साली पोप तेरावा लिओ याने ती खरी असल्याचे जाहीर केले. ज्या वस्तूचा कबजा इतका काळ कोणाकडे होता हे सिद्ध होत नाही, तिची नोंद मी माझ्या हाताने घेतली नसती. आणि तू अशा वस्तूसाठी पायांना फोड आणून घेतलेस.”

मृणाल उत्तर देताना घाई करीत नाही, हा गुण तिने मामांकडूनच उचलला आहे. ती म्हणाली, “मामा, तुम्ही ज्या कागदांची तपासणी केलीत ते सारे देवळाचे कागद आहेत, वाटेचे नव्हेत. देवळातल्या मूर्तींबद्दल तर तुम्ही बोललाही नाहीत. घोड्यावर बसून मूरांना, म्हणजे स्पेनमधील मुसलमानांना, तुडविणारा सांतियागो तेथे आहे, आणि त्याच्या घोड्याच्या पायांशी असलेली मुंडकी झाकली जावीत म्हणून हल्ली फुलांची आरास मांडून ठेवतात. मला ती फुले पाहून त्या मुंडक्यांपेक्षाही अधिक संकोच वाटला. थडग्याचा हक्क मी सांगत नाही. पण वाटेचा हक्क सनदेवरून ठरतो असे तुम्हीच मला कधी शिकविले नाही. दोन शेतांमधली पायवाट कोणाची, हा तंटा तुमच्यापुढे आला म्हणजे तुम्ही कागद मागत होता, की म्हाताऱ्यांना बोलावून वहिवाट विचारीत होता?”

मामांनी हा वार मान्य केला, परंतु केवळ मानेने. मृणाल पुढे बोलू लागली, आणि तिच्या बोलण्याचा हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला, म्हणून तो मी सविस्तर देतो.

“अकराव्या शतकात दोमिंगो नावाचा एक माणूस होऊन गेला. त्याला मठात घेतले नाही, म्हणून तो ओहा नदीकाठच्या रानात राहू लागला, आणि यात्रेकरू त्या रानातून व नदीतून कसे हाल सोशीत जातात हे पाहून त्याने झाडे तोडून फरसबंद रस्ता केला, नदीवर पूल बांधला, मुक्कामाला जागा केली. तो ११०९ साली वारला. त्या ठिकाणी वसलेल्या गावाचे नावच सान्तो दोमिंगो दे ला काल्सादा, म्हणजे फरसबंद रस्त्याचा संत दोमिंगो. ज्याचे मुख्य पुण्यकृत्य सडक बांधणे हे आहे असा संत मला दुसरा माहीत नाही. तेथील देवळात आजही एक कोंबडा आणि एक कोंबडी जाळीच्या खुराड्यात पाळलेली असतात, त्यामागची चमत्कारकथा तुम्हांला रुचणार नाही, तेव्हा ती सांगत नाही; पण पूल तर रुचेल? वाटेत त्याच्याही अलीकडे पुएन्ते ला रेइना येथे आर्गा नदीवर सहा कमानींचा दगडी पूल आहे, तोही अकराव्या शतकातला, केवळ यात्रेकरूंसाठी बांधलेला. त्यावरून मी चालले. त्याचा दगड बनावट नाही.

“बुर्गोस सोडून पठारावर आलो की गव्हाच्या शेतांखेरीज दृष्टीला काही सापडत नाही. ज्याला स्पेनचे लोक मेसेता म्हणतात तो हा उघडा मुलूख. पुष्कळ चालणारे बसमध्ये बसून तो टाळतात. कास्त्रोहेरिसच्या अलीकडे त्या उजाडीत सान आन्तोनच्या मठाचे भग्नावशेष उभे आहेत, आणि वाट त्यांच्या शेजारून नव्हे, तर त्यांच्या उंच कमानीखालून जाते. त्या मठाचे साधू एकाच रोगाची शुश्रूषा करीत. राय नावाच्या धान्यावर ओल्या वर्षी एक बुरशी धरते. तिचे पीठ खाणाऱ्याच्या हातापायांची आग होई, रक्त पोहोचेनासे होऊन बोटे काळी पडून गळून जात, आणि लोक त्याला संत आन्तोनचा अग्नी म्हणत. उत्तर युरोपात गरिबांची भाकरी रायचीच असे. रोगी तेथून निघे, आठवड्यामागून आठवडे चालत दक्षिणेला येई, कास्तीलच्या गव्हाची भाकरी खाई, आणि पुष्कळदा बरा होई. संताच्या कृपेने झालो असे तो म्हणे; आपण बुरशीपासून दूर गेल्यामुळे म्हणू. पण मामा, दोन्ही हिशेबांत त्याला बरे करणारी गोष्ट म्हणजे चालणे आणि वाटेवर मिळालेली भाकरी हीच राहते. त्या कमानीच्या भिंतीत कोनाडे आहेत. दरवाजे बंद झाल्यावर उशिरा येणाऱ्यांसाठी त्यांत भाकरी ठेवीत. या व्यवस्थेला तुमची क्लाविहोची सनद लागत नव्हती.”

माझ्या मते येथे तात्यासाहेबांनी थांबावयास हरकत नव्हती. परंतु वहिवाटीचा मुद्दा काढणाऱ्याला वहिवाटीचाच कायदा ऐकविण्याची संधी ते दवडणारे नव्हते. “वहिवाट अखंड असावी लागते,” ते म्हणाले. “तुझ्या त्या मठांचे १८३६ साली काय झाले? मेन्दिसाबाल नावाच्या मंत्र्याने मठांची मिळकत सरकारजमा केली, आणि लिलावात काढली. साधू गेले, यात्रेकरूंची भाकरी गेली. बुर्गोसला राजाने बांधलेले जे धर्मरुग्णालय होते त्यात आता कायद्याचे महाविद्यालय भरते, आणि सांतियागोला फर्डिनांड-इझाबेला यांनी यात्रेकरूंसाठी उभारलेल्या रुग्णालयाचे हॉटेल झाले आहे, ज्यात तुझ्यासारख्या चालणाऱ्याला खोली परवडू नये. त्यानंतर दीडशे वर्षे या वाटेने कोण गेले? तू म्हणतेस तसे म्हातारे बोलावले असते तर त्यांनी काय सांगितले असते? तुझी आजची वाट हा १९८७ साली युरोपच्या परिषदेने दिलेला किताब आहे, १९९३ सालच्या गालिसिया सरकारच्या जाहिरातीची ती करामत आहे. वाटेवरचे ते पिवळे बाण तर माझ्या नोकरीच्या काळातले आहेत.”

“ते बाण कोणी काढले ते ठाऊक आहे?” मृणाल म्हणाली. “गालिसियाच्या वेशीवर, डोंगराच्या माथ्यावर ओ सेब्रेइरो म्हणून दगडी भिंतींचे आणि पेंढ्याच्या छपरांचे गाव आहे. एलियास वालिन्या साम्पेद्रो हे तेथले पाद्री. त्यांनी पदवीसाठी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय होता सांतियागोच्या वाटेचा इतिहास आणि तिचा कायदा. म्हणजे मामा, तुमच्याच जातीचा माणूस! मग १९८४च्या सुमारास त्यांनी पिवळ्या रंगाचे डबे मोटारीत घातले आणि पिरिनीजपासून गावोगाव जाऊन, वाट कोठून जाते ते विचारीत, झाडांवर, कुंपणांवर, घरांच्या कोपऱ्यांवर बाण काढले. रस्त्याच्या कामातून उरलेला तो रंग होता असे सांगतात. किताब त्यांच्या कामानंतर आला. १९८९ साली ते वारले, तेव्हा वर्षाला काही हजार माणसे चालत होती. २०२३ साली सांतियागोच्या कचेरीत पोहोचल्याची नोंद झालेली माणसे चार लाखांवर होती.”

या पाद्र्याविषयी तात्यासाहेबांना जो आदर वाटला तो मला स्पष्ट दिसला, कारण त्यांनी लागलीच त्याच्या कामातली उणीव काढली. बाण एकाच दिशेने जातात! पूर्वीचा यात्रेकरू सांतियागोला पोहोचला म्हणजे त्याची अर्धीच वाट झालेली असे. त्याला तितकेच अंतर उलट पावली चालून, टोपीला शिंपला अडकवून, घर गाठावयाचे होते. आजचा यात्रेकरू विमानाने परततो. “एका दिशेची वहिवाट ही अर्धी वहिवाट,” असे त्यांनी बजावले. आणि मृणालकडे याला उत्तर नव्हते, तिने ते शोधलेही नाही. उलट तिने होऊन आणखी एक कबुली दिली. विसाव्या शतकात कास्तीलच्या शेतजमिनींचे एकत्रीकरण झाले, तुकड्यांचे मोठे चौकोन केले गेले, त्यात कित्येक जुन्या पायवाटा नांगराखाली गेल्या. आणि फ्रोमिस्तापासून कारिओन दे लोस कोन्देसपर्यंत तर आज यात्रेकरू मोटारीच्या सडकेला समांतर टाकलेल्या खडीच्या पट्टीवरून, दुतर्फा रोवलेल्या दगडी खांबांमधून, मुकाट्याने चालतो. ती पट्टी कंटाळवाणी आहे, असे ती स्वच्छ म्हणाली. पण कारिओनच्या पुढे सतरा किलोमीटर गाव नाही, झाड नाही, पाणी नाही, आणि पायाखाली रोमन काळातला रस्ता आहे, तेथे आपल्याला मामांच्या कोणत्याच आक्षेपाची आठवण झाली नाही, हेही तिने सांगून टाकले.

आमच्या बैठकीतल्या एका शेजाऱ्यांनी येथे पंढरीच्या वारीचा दाखला दिला, जो कोणीतरी देणारच होते. मृणालला तो मानवला नाही. वारीला तिथी आहे, दिंडी आहे, चालण्याचा क्रम ठरलेला आहे, एकट्याने वारी करण्यात फारसा अर्थ नाही. कामिनोवर, म्हणजे सांतियागोच्या वाटेवर, मनुष्य आपल्या मर्जीच्या दिवशी निघतो, आणि सकाळी ज्याच्याशी बोलला त्याला पुन्हा भेटेलच असे नाही. २५ जुलैचा सांतियागोचा सण रविवारी आला की ते वर्ष पवित्र मानतात, २०२७ साली तसा योग आहे. त्याखेरीज काळाचे बंधन नाही. तात्यासाहेबांनीही तिचीच री ओढली, आणि तो दाखला तेथेच संपला.

पुढे मात्र वादाने असे वळण घेतले की दोघांच्या जागांची अदलाबदल झाली. यात्रेकरूजवळ एक घडीचा परवाना असतो. प्रत्येक मुक्कामाला त्यावर मोहोर उमटवून घ्यावयाची, आणि निदान शंभर किलोमीटर पायी चालल्याचा पुरावा दाखविला म्हणजे सांतियागोच्या कचेरीतून लॅटिन भाषेतले प्रमाणपत्र मिळते. मृणालला हा प्रकार अगदी नापसंत. सारिया हे गाव सांतियागोपासून शंभरांहून थोड्या अधिक किलोमीटरांवर, म्हणून निम्मे जग तेथून निघते. पाठीवरचे ओझे गाडीने पुढे जाते, वाटेतल्या प्रत्येक मद्यगृहात शिक्का ठेवलेला असतो, आणि मुलांच्या वह्यांप्रमाणे परवाने भरत जातात. तात्यासाहेबांना हीच एक गोष्ट पसंत पडली. “शिक्का नसेल तर पुरावा कोणता? श्रद्धेला मोजमाप नाही, अंतराला आहे. त्या कचेरीने थडगे कोणाचे हे न विचारता पाय किती चालले हे विचारले, यात मला तिचा शहाणपणा दिसतो.”

“शंभर किलोमीटर चालणारा आणि आठशे चालणारा एकाच कागदाचे धनी होतात, तो शहाणपणा?”

“गुंठाभर जमिनीच्या मालकालाही उतारा मिळतो, मृणाल.”

ती हसली, पण तिचे समाधान झाले नाही. या गर्दीने गावे जगतात हे तिला मान्य होते. फोन्सेबादोनसारखे डोंगरातले गाव, जे जवळजवळ ओस पडले होते, ते धर्मशाळा आणि खाणावळी यांमुळे पुन्हा धुराडी पेटवू लागले आहे, हे तिने डोळ्यांनी पाहिले होते. पण अशा गावी रोटी भाजणारा, खाटा मांडणारा, सकाळी सहाला दार उघडणारा प्रत्येक जण पश्चिमेकडे तोंड करून चालणाऱ्या परक्यांवर अवलंबून असतो, आणि वाटेपासून पाच किलोमीटर बाजूला असलेले गाव तसेच मरत राहते, हे तिला खुपत होते.

याच ठिकाणी तात्यासाहेबांनी आपला राखून ठेवलेला दस्तऐवज काढला. “वाटेपासून बाजूच्या गावांचे म्हणतेस ना? स्पेनमध्ये तुझ्या कामिनोहून पक्क्या हक्काच्या वाटा आहेत, आणि त्या मेंढ्यांच्या आहेत. उन्हाळ्यात उत्तरेच्या डोंगरात आणि हिवाळ्यात दक्षिणेच्या कुरणात कळप नेणाऱ्या मेंढपाळांच्या संघाला, त्यांच्या मेस्ताला, दहाव्या आल्फोन्सोने १२७३ साली हक्क दिले. राजमार्गाची रुंदी नव्वद वारा, म्हणजे पंचाहत्तर मीटरांच्या आसपास. अशा सर्व वाटांची लांबी देशभर सव्वा लाख किलोमीटरांच्या घरात भरते. ज्या १८३६ साली मठांवर जप्ती आली त्याच साली मेस्ताही बरखास्त झाली. पण वाटा विकल्या गेल्या नाहीत असे नाही, तरी त्यांचा हक्क मेला नाही. १९९५च्या कायद्याने त्या सार्वजनिक मालकीच्या ठरविल्या. त्यांवर कोणी कितीही वर्षे नांगर घातला तरी त्याची वहिवाट सिद्ध होत नाही, आणि पायी चालणाऱ्यास तेथे मोकळीक आहे. माद्रिदच्या भर चौकांतून दर शरद ऋतूत मेंढ्या नेतात आणि १४१८च्या करारानुसार ठरलेली जुनी नाणी महापालिकेला मोजून देतात. ही सनद पाहा. हिच्यात घोड्यावर बसलेला संत नाही.”

“आणि माणसेही नाहीत,” मृणाल तत्काळ म्हणाली. “मामा, त्या वाटा मी पाहिल्या आहेत. कोठे कुंपण पडले आहे, कोठे शेत पुढे सरकले आहे, कोठे गवतात वाटच दिसत नाही. मेंढ्या मालमोटारीतून जातात. तुमचा कायदा जिवंत आहे, पण त्याच्यावर पाऊल पडत नाही. आणि माझ्या वाटेचा कागद सडलेला आहे, पण तिच्यावरून रोज पहाटे शेकडो माणसे निघतात.”

यावर दोघेही काही वेळ एकमेकांचे म्हणणे अधिक जोराने सांगत राहिले. ते सारे मी येथे देत नाही. माझे स्वतःचे मत मृणालच्या बाजूचे आहे, मात्र तिने दिलेल्या कारणासाठी नव्हे. शेकडो माणसे चालतात हा काही हक्काचा पुरावा नव्हे. शेकडो माणसे पुष्कळ चुकीच्या ठिकाणी जातात. मला पटते ते कोनाड्यांतल्या भाकरीचे आणि रंगाच्या डब्याचे. ज्याला कोणी हुकूम केला नव्हता अशा माणसाने, पुढे येणाऱ्या अनोळखी माणसासाठी, आपल्या वेळेतून आणि पदरच्या पैशांतून केलेली सोय, हीच काय ती या वाटेची अखंड वहिवाट दिसते. १८३६ नंतर ती तुटली हे खरे, पण एका खेड्यातल्या पाद्र्याला ती पुन्हा जोडता आली, तसे राजाला किंवा परिषदेला एकट्याने जमले नसते. तात्यासाहेबांना मी हे बोलून दाखविले तेव्हा, हे मत दप्तरात नोंदविता येण्यासारखे नाही, एवढाच शेरा त्यांनी मारला.

अखेर तडजोड निघाली ती नकाशावर. दक्षिणेत सेव्हियाहून मेरिदा, कासेरेस, सालामान्का, सामोरा या शहरांवरून उत्तरेला चढणारी जी वाट व्हिया दे ला प्लाता म्हणून ओळखली जाते, तिच्यावरून यात्रेकरूही सांतियागोला जातात, आणि त्याच पट्ट्यातून मेंढ्यांचा एक राजमार्गही जातो. दोन्ही कित्येक ठिकाणी एकाच जमिनीवर येतात. तिच्यावर काप्परा येथे एका उद्ध्वस्त रोमन नगरात चार पायांची कमान अजून उभी आहे, आणि चालणाऱ्याला तिच्याखालूनच जावे लागते. येथे तरी आपला हक्क आधीचा, असे तात्यासाहेब मेंढ्यांच्या वतीने म्हणाले. मृणालने त्यांना आठवण दिली की मेस्ताच्या आधी त्या वाटेवर रोमन मैलांचे दगड रोवले गेले होते, आणि कासेरेसच्या उत्तरेला त्यांपैकी पुष्कळ आजही उभे आहेत. रोमन मैल सुमारे १,४८० मीटरांचा, तेव्हा दोन दगडांमधले अंतर साखळीने मोजून पाहता येईल. एक्स्त्रेमादुरात जूननंतर उन्हाने चालवत नाही, दोन मुक्कामांमध्ये कोठे कोठे तीसहून अधिक किलोमीटर पडतात, म्हणून निघावयाचे तर मार्चमध्ये, हेही तिने सांगितले. तात्यासाहेबांनी साखळी कोणत्या लांबीची न्यावी याची चौकशी केली, आणि विमानात ती नेऊ देतात की नाही यावर दोघांचा पुन्हा मतभेद झाला.